गप्प

चरईत, प्लायवूडच्या दुकानावर, दुसरा मजला.
बारा वर्षं मी आयकराची मार्गदर्शकं तपासली,
कलमं, पोटकलमं, परंतुकं.
सोमवारपासून माती.

इनामदारबाईंनी टेबल दाखवलं,
खिडकी अर्धीच उघडते हे दाखवलं,
खालची करवत चारला थांबते म्हणाल्या,
आणि एकशे चौऱ्याहत्तर पानांचा गठ्ठा समोर ठेवला.
‘चाक आणि आवा’.
लेखक धाकू गणू पेणकर, बाळकुम.
सांगितलंय त्यांनी, लिहिलंय सुनेनं,
आणि टाइप केलंय अशा कुणीतरी
ज्यानं लीद हा शब्द कधी ऐकला नव्हता:
मातीत दोन टोपल्या लिंबू मिसळा.

हसले. मग लाल पेन उघडलं.

पान नऊ. ‘पाणी बेताचं.’
समासात लिहिलं: बेताचं म्हणजे किती? वाटी? तांब्या?
पान बारा. ‘माती कानाच्या पाळीइतकी मऊ झाली की थांबा.’
कोणाच्या कानाच्या, असं लिहिता लिहिता
माझाच हात कानाकडे गेला,
डूल बाजूला करून चिमटीत धरली पाळी,
तेवढ्यात चहावाला पोऱ्या आत आला.
त्याला वाटलं, मी कुणाची तरी माफी मागतेय.

पान एकवीस. ‘माती गप्प झाली की मगच अंगठा घाला.’
गप्प खोडलं. वर लिहिलं: केंद्रित.
नेमका शब्द सापडल्याचं समाधान
पुढची चाळीस पानं टिकलं.

शनिवारी शंकांची यादी घेऊन बाळकुमला गेले.
सत्तेचाळीस शंका, क्रमांक घालून.
टॉवरच्या मागे गल्ली, गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड,
दारात पालथ्या घातलेल्या पणत्या,
कुठल्याच अक्षराच्या डोक्यावर नसलेले अनुस्वार.
पेणकरांनी यादी लांब धरली,
चष्मा नाही म्हणाले, आणि गुडघ्याखाली सरकवली.
चाकावर गोळा आपटला. ‘धरा.’

धरला.
गोळा मनगटांवर धडका देत राहिला
दाव्याला ओढ देणाऱ्या वासरासारखा,
कोपरापर्यंत गार चिखल,
ओढणीचं टोक चाकात जाता जाता वाचलं.
‘कोपर मांडीला टेकवा.’ टेकवलं.
‘ढकलू नका.’
मला वाटत होतं मी ढकलत नाहीये.
मग केव्हातरी,
चाक तर फिरतच होतं,
पण माती फिरताना दिसेना.
हातांत काहीच होईना.
भरल्या घरात
सगळ्यांचं बोलणं एकदम थांबावं, तसं.

अंगठा घातला. घाई केली.
वाडगा म्हणावा असं काहीतरी
दोन फेरे उभं राहिलं आणि एका अंगावर कलंडलं.
म्हातारा हसला नाही. तारेनं कापलं, बादलीत टाकलं,
शंका कुठली होती, विचारलं.
मला आठवेना.

निघताना सून, सुरंगा, कोपऱ्यापर्यंत आली.
तीन वह्या लिहिल्या म्हणाली, रात्री, मुलं झोपल्यावर,
मामंजी लवकर बोलत नाहीत, एकेक वाक्य काढावं लागतं.
‘कानाची पाळी मी घातली. ते नुसतं मऊ म्हणाले होते.’
मग रिक्षाला हात करता करता:
‘नाव कुणाचं येतं पुस्तकावर?’

सोमवार. नखांत अजून माती,
पान एकवीसच्या कोपऱ्यावर ठसा उठलाय.
खोडलेल्या गप्पखाली टिंबं दिली, पाच.
मूळ तसंच ठेवा, याची खूण.
मग पहिलं पान काढलं.
पेणकरांच्या नावाशेजारी काकपद घातलं,
वर अजून काही लिहिलेलं नाही.
इनामदारबाई फोनवर आहेत.
खाली करवत चालू आहे. चारला थांबेल.